पाठवण्याजोगी मुलगी

माझ्या नणंदबाई एनेलेसी वयात आलेल्या मुलींना रीतभात शिकवतात, आणि आमच्या काटेटेच्या बाजूला या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. मोठ्यांपुढे गुडघे कसे टेकायचे, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी कसा द्यायचा, दुसऱ्याच्या अंगणाबाहेर थांबून ‘ओदी’ अशी हाक घालायची आणि आतून ‘या’ ऐकू आल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही, हे सगळं त्यांच्याकडून शिकलेल्या मुली आता स्वतः आया झाल्या आहेत. मी लग्न होऊन इथे आले त्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, “वहिनी, तुमच्या गावात बायका बसतात की पडतात?” मी ते अजून विसरलेले नाही.

तरी मी त्यांना मानते. नवरा तांब्याच्या खाणीवर गेला आणि तिकडे दुसरा संसार थाटून बसला, तेव्हा या बाईनं रडगाणं गायलं नाही. स्वतःचं शेत स्वतः खणलं, भुईमूग लावला, घर शाकारून घेतलं. लोक त्यांच्या वाटेत आले की आपोआप बाजूला होतात. माझे यजमान गावाचे मुखिया आहेत, पण बहीण अंगणात शिरली की हेसुद्धा टोपी काढून सरळ बसतात. मी शिरले तर हात धुवायला पुढे करतात, जेवायला झालं का म्हणून.

वन्संचा नवरा जाताना एक वाक्य बोलून गेला होता. “आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं.” हे तो लोंतियाबद्दल बोलला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीबद्दल. लोंतिया उशिरा चालली, त्याहून उशिरा बोलली. हसरी पोर. शेंगा सोलायला बसली की ढीग संपेपर्यंत उठायची नाही, आणि एक दाणा फुटायचा नाही. पण तिला सांगितलेलं ती जसंच्या तसं धरून बसायची. कुणी सहज म्हणावं, “उद्या ये हं,” तर दुसऱ्या दिवशी उजाडताच ही त्यांच्या दारात. कुणी थट्टा केली तर ती खरी मानायची, आणि सगळे हसले की आपणही हसायची. बारा वर्षांची झाली तरी दुसरीच्या वर्गात, आपल्या निम्म्या वयाच्या पोरांच्या मागे बसायची. मास्तर तिला कधी काही विचारायचे नाहीत.

आमच्याकडे पोराची अक्कल पाटीवर जोखत नाहीत. त्याला पाठवून बघतात. मीठ मागायला पाठवलं, तर त्या घरी पाहुणे बसलेत हे बघून पोरानं गप्प थांबायला हवं. म्हातारा झोपला असेल तर निरोप सुनेला द्यायला हवा. दोघं भांडत असतील तर काही पाहिलंच नाही अशा चेहऱ्यानं परत यायला हवं. हे ज्याला कळतं ते पोर पाठवण्याजोगं. गणितात पहिला येणारा मुलगासुद्धा पाहुण्यांसमोर “आमच्या घरचं मीठ संपलं” असं ओरडून आला, तर त्याला पुन्हा कुणी पाठवत नाही.

वन्संनी लोंतियाला कधीच कुठे पाठवलं नाही. आमची अंगणं शेजारीशेजारी, मधे फक्त गवताचं कुंपण. रोज तिकडून हाक यायची, “वहिनी, तुमची फलेसी मोकळी आहे का?” फलेसी माझी मुलगी, लोंतियाहून लहान. मी कुंपणावरून बघायची तर लोंतिया तिथेच दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली.

“वन्सं, माझी पोरगी काय तुमच्या घरची टपालवाली आहे?” मी एकदा म्हटलंच.

“एवढ्याशा कामाला कुरकुर करता. तुमच्या माहेरची सवय,” त्या म्हणाल्या आणि फलेसीच्या हातात टोपली दिली. लोंतियाकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांना मुलीची लाज वाटत होती. हे गावाला ठाऊक होतं, आणि गावानं ते कधी तोंडावर आणलं नाही.

त्या वर्षी थंडी ओसरताना चिपाटा शहरातून शिक्षणखात्याच्या मिती बाई आल्या. शाळेत हळू शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळी खोली बांधून झाली होती, शिकवणारी बाईही ठरली होती. जागा मात्र थोड्या होत्या. कुणाला घ्यायचं ते मिती बाईंनी मुलांशी खेळून, बोलून ठरवायचं होतं. नेहमीच्या वर्गातली मुलंही त्या बोलावत होत्या, म्हणजे दोन्हींतला फरक कळावा. मुलं परक्या बाईला बुजतील म्हणून त्यांनी वन्संना जवळ बसायला बोलावलं. अशा कामाला आमच्याकडे दुसरं कोण जाणार?

खेळ साधा होता. मक्याच्या कणसांना चिंध्या गुंडाळून केलेल्या दोन बाहुल्या, एक आई, एक मुलगा. आई वाळलेले मासे टोपलीत ठेवते आणि पाण्याला जाते. ती नसताना मुलगा मासे काढून मडक्यात टाकतो. आई परत आली, तिला मासे हवेत. ती आधी कुठे बघेल?

वन्सं घरी येऊन सांगायच्या ते ऐकून मला हसू यायचं. निम्मी पोरं पहिल्यांदा तोंडच उघडेनात. मासे कुठे गेले ते बाईंनी स्वतः पाहिलं, मग आपल्याला का विचारतात? यात काहीतरी डाव आहे, आपण बोललो तर मार बसेल, असा त्यांचा हिशोब. येलेसानी म्हाताऱ्याचा नातू म्हणाला, “त्या घरात आजी नाही का? आजी सांगेल की तिला.” शेवटी वन्सं म्हणायच्या, “बोला रे, इथे बोललेलं चालतं,” तेव्हा पोरं बोलायला लागायची. बहुतेक म्हणायची, टोपलीत बघेल, बिचारीला काय माहीत.

लोंतियाची पाळी यायच्या आदल्या दुपारी मी कुंपणाच्या अलीकडे शेंगा सोलत होते. पलीकडून आवाज आला.

“आई कुठे बघेल?”

“मडक्यात.”

“का?”

“मासे मडक्यात आहेत.”

“टोपली म्हणायचं.”

“पण मासे मडक्यात आहेत, आई.”

“असू देत. बाईंनी विचारलं की टोपली म्हण. म्हण बघू.”

“टोपली.”

असं ऊन उतरेपर्यंत चाललं. शेवटी मला राहवलं नाही. मी लोंतियाला शेंगांचं सूप देऊन मागच्या अंगणात बसवलं आणि वन्संना गाठलं.

“कशाला पढवताय तिला? त्या वर्गात जागा मिळाली तर पोरीचं भलं होईल. दोन वर्षांत वयात येईल ती. आपण काय जन्मभर पुरणार आहोत का तिला?”

“वहिनी, गावच्या सगळ्या पोरी माझ्या हाताखालून गेल्या. माझीच पोरगी त्या खोलीत बसली तर उद्या कुठली आई आपली मुलगी माझ्या दारात आणेल?”

“आणतील.”

“तुम्हाला बोलायला काय जातं. तुमच्याकडे फलेसी आहे.”

मी रागानं सूप तिथेच सोडून घरी आले.

दुसऱ्या दिवशी लोंतिया टोपली म्हणाली. मिती बाई मात्र कच्च्या नव्हत्या. त्याही आमच्याच भागातल्या, बाहुल्यांवर त्यांचा सगळा भरवसा नव्हता. त्यांनी शेजारपाजारी फिरून प्रत्येक मुलाबद्दल विचारलं, “घाईचा निरोप असेल तर याला पाठवाल का?” आम्ही घरचे, म्हणून आम्हाला विचारलं नाही. समोरच्या येलेसानी म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, “लोंतियाला? चिपाट्यापर्यंत पाठवीन.” बाकीच्यांनीही तीच री ओढली.

मी म्हाताऱ्याला वाटेत धरलं. “बाबा, तुम्ही लोंतियाला कधी स्वतःची काठी तरी आणायला सांगितलीत का?”

“मग काय, परक्या बाईसमोर एनेलेसीची अब्रू काढू? माझ्या दोन्ही नाती तिनं शहाण्या केल्या. तिच्या पोरीला मी पाठवण्याजोगी नाही म्हणू?” म्हातारा काठी आपटत निघून गेला. त्याचं खोटं मला कळत होतं आणि पटतही होतं, याचाच मला जास्त राग आला.

निकाल सांगायला मिती बाई आमच्या आंब्याखाली आल्या. पुरुष स्टुलांवर, आम्ही बायका मागे जमिनीवर, पोरं कडेला. बाई तोवर शाळेतच उतरल्या होत्या, जेवणही फलेसी तिकडेच पोचवायची, त्यामुळे मला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी जेवायला त्या आमच्या घरी येणार होत्या. मी पहाटेपासून खपून कोंबडीचं कालवण आणि भोपळ्याची पानं करून झाकून ठेवली होती. फक्त मक्याच्या पिठाची न्सिमा ऐनवेळी रटरटवायची बाकी होती.

बाईंनी नावं वाचली. त्या मुलांच्या आयांनी माना खाली घातल्या. लोंतियाचं नाव आलं नाही. वन्संची पाठ ताठ झाली. मी त्या पाठीकडे बघत होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं, वन्सं, तुमच्या हातानं तुम्ही पोरीची जागा घालवलीत.

मग बाई हसून म्हणाल्या, “लोंतियाबद्दल सांगायचं राहिलं. शाळेत मागे पडलेली मुलगी म्हणून तिला माझ्याकडे पाठवलं होतं. पण तिनं बरोबर उत्तर दिलं, आणि सगळं गाव म्हणतं तिला कुठेही पाठवू. तर आज मीही पाठवते. लोंतिया, जा, मुखियांच्या बाईंना सांग, बाईंचं काम संपलं, आम्ही जेवायला येतोय.”

बाईंनी मान देण्यासाठीच केलं ते. आमच्याकडे चारचौघांत पोराला निरोप देणं म्हणजे शाबासकीच.

मी शेवटच्या रांगेत बसले होते. लोंतिया उठली आणि माझ्याच बाजूनं निघाली. माझ्यापाशी आल्यावर थांबली, गुडघा वाकवून मला रीतसर नमस्कार केला, “मामी,” म्हणून हसली, आणि पुढे माझ्या घराकडे चालू लागली.

फलेसी कडेच्या पोरांतून सरकत माझ्याजवळ आली होती. “आई, पण तू तर इथे...” असं तिनं सुरू केलं, तेवढ्यात मी तिच्या मांडीला चिमटा काढला.

आमचं घर आंब्याखालून दिसतं. लोंतिया अंगणाच्या तोंडाशी पोचली, बाहेर मातीत गुडघे टेकून बसली. “ओदी,” तिनं हाक दिली. घरात कोण असणार? सगळं गाव आंब्याखाली. ती थांबली. पुन्हा हाक दिली. पुन्हा थांबली. पाठ सरळ, हात मांडीवर, वन्संच्या शिकवणीत जराही उणं नाही.

माझ्या यजमानांनी टोपी काढली आणि आतलं अस्तर तपासायला घेतलं. येलेसानी म्हातारा काठीनं जमीन उकरू लागला.

“घरी कुणी नाही का?” बाईंनी विचारलं.

“असतील. येतील,” म्हातारा म्हणाला.

मी एक हात वर केला असता तर मिटलं असतं. पण मग सगळ्यांसमोर पोर वेडी ठरली असती, आणि तीही माझ्या हातानं. आणि नाही केला तर ती तिथे उन्हात बसून राहणार होती. वर्षानुवर्षं आम्ही सगळ्यांनी एका बाईची अब्रू झाकली, आणि ते पांघरूण कुणाच्या अंगावरून ओढलं होतं ते आता समोर दिसत होतं. पुन्हा एकदा “ओदी” ऐकू आलं, जरा मोठ्यानं.

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी एकेकाकडे पाहिलं, कुणी नजर देईना. “मुखियांच्या बाई कुठे आहेत?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

तेव्हा वन्सं उठल्या. पुरुषांच्या बैठकीत बाईनं उठून बोलू नये हे गावाला त्यांनीच शिकवलेलं. त्या सगळ्यांच्या मधून पुढे गेल्या आणि बाईंपुढे गुडघे टेकले.

“त्या इथेच बसल्यात, शेवटच्या रांगेत. लोंतियानं त्यांना पाहिलं, नमस्कारही केला. तरी ती त्यांच्या घरी गेली. माझी मुलगी पाठवण्याजोगी नाही, बाई. टोपली मी पाठ करून घेतली. आणि ही माणसं माझ्याकडे बघून खोटं बोलली. बोल लावायचा तर मला लावा.”

माझ्या यजमानांनी टोपी तोंडावर धरली. ते रडत होते. आमच्याकडे भाचीचा भार मामावर असतो. ‘हो’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना त्यांनीही अडवलं नव्हतं.

मी उठले. परसातून आत शिरले, पुढच्या अंगणात आले आणि म्हटलं, “या.”

लोंतिया आत आली, पुन्हा बसली आणि निरोप दिला, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग म्हणाली, “मामी, तुम्ही फार उशीर लावलात.”

“चुकलं माझं,” मी म्हटलं. तिच्या गुडघ्यांत खडे रुतले होते. ते काढताना मला तिच्याकडे वर बघवेना.

तिला घेऊन मी परत गेले. मिती बाई कुणावर चिडल्या नाहीत, त्यामुळे आम्हाला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बाहुल्या काढल्या आणि तोच खेळ पुन्हा मांडला. आई कुठे बघेल, म्हणून विचारलं. लोंतियानं वन्संकडे पाहिलं.

“तुला वाटतं ते सांग,” वन्सं म्हणाल्या.

“मडक्यात,” लोंतिया म्हणाली.

“म्हणजे दुसऱ्याच्या मनात काय असेल ते अजून तिच्या लक्षात येत नाही,” बाई समजावत म्हणाल्या. “शिकवू आपण. एक जागा मी वाढवून घेते.” त्यांनी तिचं नाव सगळ्यात खाली लिहिलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुरुष आपापली स्टुलं उचलून गेले, आणि जाताना एकानेही वन्संकडे पाहिलं नाही. त्यांना दुखवायचं नव्हतं कुणाला, पण दुसरं काय करावं तेही सुचत नव्हतं.

आम्ही जेवायला माझ्या घराकडे निघालो. बाई आणि मी पुढे होतो. मागे वन्सं होत्या, आणि त्यांच्या बऱ्याच मागे लोंतिया. ती नेहमी तशीच चालायची. गावात आजवर मी त्या दोघींना बरोबर चालताना पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्यात कधी काही वावगंही वाटलं नव्हतं. हळू आहे, मागे पडत असेल.

मधेच वन्सं थांबल्या. मागे लोंतियाही थांबली. वन्सं दोन पावलं मागे गेल्या, तशी ती दोन पावलं मागे सरकली.

“ये ना,” वन्सं म्हणाल्या. “माझ्याबरोबर चल.”

लोंतियानं आंब्याकडे पाहिलं. तिथे अजून चार माणसं उभी होती. मग तिनं मिती बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आईला समजुतीच्या आवाजात, हळूच म्हणाली, “आई, लोक बघतायत.”

मिती बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. वन्संनी माझा दंड धरला.

“मी तिला असं कधी सांगितलं नाही, वहिनी,” त्या म्हणाल्या. “शपथ घेते. एकदाही नाही.”